शिकवणी लावायची की आपलं आपण शिकायचं?



आजचा विषय ऐकून हसाल. काईटसर्फिंग. कमरेला पट्टा, पायाखाली फळी आणि खोलीएवढ्या पतंगाच्या ओढीनं समुद्रावरून पळायचं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. आमच्या घरात तो आणला धाकट्या बहिणीच्या मुलानं. चेन्नईत नोकरी, रामेश्वरमचा किनारा त्यातल्या त्यात जवळ. जुना पतंग विकत घ्यायचा, व्हिडिओ बघायचे आणि उतरायचं, असा बेत. म्हणाला, "मावशी, फी गेली की गेली. सामान तरी आपलं राहतं."

बी.कॉम. झालेल्या बाईला हे सांगू नये. सामानाला घसारा असतो! पतंगाचं कापड उन्हानं विरतं, हवा भरायच्या नळ्या गळतात, दोऱ्या कमी-जास्त ताणल्या जातात. फार जुन्या पतंगांत तर वाऱ्याचा जोर पूर्ण सोडून द्यायची सोयच नसे. जाहिरातीतल्या फोटोवरून नवख्याला यातलं काय कळणार?

मग त्यानं दुसरा बाण काढला. "तू स्वयंपाक कुठल्या क्लासात शिकलीस?" खरं आहे. पण माझी पुरणपोळी फुटायची ती तव्यावर, आणि सासूबाई शेजारीच उभ्या असायच्या.

बहीण रडकुंडीला आलेली. जानेवारीत आम्ही तिघं रामेश्वरमला गेलो. तिथं हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून वाहतो, खाडीचं पाणी उथळ आणि संथ. सकाळभर वाळूत बसून मी एका शिक्षकाचा वर्ग पाहिला, मोडक्या हिंदीत प्रश्नही विचारले.

पहिले दोन तास पाण्याला पाय लागला नाही. आधी वारा ओळखायचा. किनाऱ्याकडून समुद्राकडे जाणारा वारा असेल तर उतरायचंच नाही, तो आत ओढून नेतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. मग पतंग सोडायचा कसा, ते शिकवलं. घाबरलं की माणूस हातातला दांडा घट्ट धरतो आणि छातीशी ओढतो. इथं दांडा ओढला की पतंगाचा जोर वाढतो! हात सैल सोडायचा, तेवढ्यानं भागलं नाही तर कमरेजवळचा क्विक रिलीज ढकलायचा. मग पतंग एकाच दोरीवर लोंबकळत खाली येतो. तरीही ओढत राहिला तर तीही दोरी सोडायची. एका मुलीकडून त्यांनी हे डोळे मिटून पुन्हा पुन्हा करून घेतलं. व्हिडिओ सगळं दाखवतो हो, पण आपला हात काय करतोय ते त्याला दिसत नाही.

आणि दोऱ्या वीस मीटरच्या वर. किनाऱ्यावर खेळणारं कुणाचं पोर त्या टप्प्यात आलं तर? हे मी विचारलं तेव्हा भाचा पहिल्यांदा गप्प झाला.

शेवटी तडजोड ठरली. दोन-तीन चौरस मीटरचा छोटा सरावाचा पतंग मोकळ्या मैदानात आपलं आपण उडवायचा, त्याला माझी ना नाही. मोठा पतंग आणि पाणी मात्र शिक्षकाबरोबर. अर्धी फी मी भरली, माझ्या साठवणीतून.

तिसऱ्या दिवशी वाऱ्याचा झोत आला आणि गड्यानं दांडा छातीशी ओढलाच. पाण्यातून फरफटत निघाला. हेल्मेटमधल्या रेडिओवर शिक्षक ओरडले, "छोडो!" सोडला. नाकातोंडात पाणी गेलं, बाकी काही नाही. बहिणीनं तोंड फिरवलं होतं ते बरं झालं.

दहा-बारा तासांची शिकवणी संपली. फळीवर उभं राहून सरळ जाणं, निघालो तिथंच परत येणं, याला पुढं कितीतरी दिवस लागतात, आणि ते त्याचं तोच करतोय. पतंग भाड्यानं घेतो, एकटा उतरत नाही. जुन्या पतंगाची जाहिरात अजून फोनमध्ये ठेवलीय. मागच्या आठवड्यात बघून आला म्हणे. दोऱ्या शेजारी-शेजारी ताणून मोजल्या, एक आखूड निघाली, तसाच परत आला.