मागे फिरायची सोय

मंडळी, जर्नलमध्ये चूक झाली तर पान बदलता येतं. पण अपग्रेड केल्यावर सर्व्हरच बिघडला तर? माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा सांभाळून घ्या. पण हे मी लॅबमधल्या काकांकडून मराठीतच शिकले, म्हणून मराठीतच सांगते.

आमच्या सबमिशनचा सर्व्हर ओपनसुसे लिनक्सवर चालतो. त्याची फाइल सिस्टिम बीटीआरएफएस, जी 2009 साली लिनक्स कर्नलमध्ये आली. झिपरने पॅकेज अपग्रेड केली की स्नॅपर आपोआप दोन स्नॅपशॉट घेतो, एक आधी आणि एक नंतर. स्नॅपशॉट म्हणजे काही डिस्कची झेरॉक्स नव्हे. जुना डेटा जागच्या जागी राहतो आणि बदल तेवढे नव्या जागी लिहिले जातात. म्हणून तो क्षणात होतो.

गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या आदल्या दुपारी अपग्रेड झालं. जुन्या बॅचने लिहिलेलं पोर्टल नव्या पीएचपीला मानवेना. फाइल जायची, पण पावती निघेना. रात्रीपर्यंत 40 जणांच्या फाइल्स अशाच गेलेल्या, आणि होस्टेलवर सगळ्यांचे देव पाण्यात!

काकांनी सर्व्हर रीबूट केला, ग्रबच्या मेनूतून दुपारच्या आधीचा स्नॅपशॉट निवडला. असा स्नॅपशॉट फक्त वाचता येतो, त्यात बदल करता येत नाहीत. सगळं ठीक दिसल्यावर ‘स्नॅपर रोलबॅक’ ही कमांड दिली आणि पुन्हा रीबूट. गंमत म्हणजे रोलबॅक करताना बिघडलेल्या सिस्टिमचाही स्नॅपशॉट राहतो, म्हणजे वाटलं तर परत पुढेही जाता येतं.

पावत्या निघायला लागल्या. पण माझा जीव त्या 40 फाइल्समध्ये अडकला होता. सिस्टिम दुपारच्या मागे गेली, मग फाइल्स?

काका म्हणाले, “अगं, त्या कुठे जातात? होम, एसआरव्ही, व्हर हे कप्पे मुद्दाम वेगळे ठेवलेत. प्रोग्रॅम मागे जातात, माणसांचं काम नाही.”

केवढा विचार आहे यात! नाहीतर अपग्रेड कोणाचं, आणि सबमिशन बुडालं असतं भलत्याचंच.

याची दुसरी बाजूही त्यांनीच दाखवली. डेटाबेस असतो व्हरमध्ये. अपग्रेडमध्ये डेटाबेसचीच मोठी आवृत्ती बदलून डेटा नव्या पद्धतीचा झाला असेल, तर रोलबॅकनंतर प्रोग्रॅम जुना आणि डेटा नवा. मग जुना प्रोग्रॅम तो डेटा उघडतच नाही. शिवाय स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला. मग बॅकअप आठवणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

म्हणून काकांच्या रजिस्टरात प्रत्येक अपग्रेडआधी दोन ओळी असतात. पहिलीत शेवटच्या स्नॅपशॉटचा नंबर, दुसरीत डेटाबेसचा डंप दुसऱ्या मशीनवर घेतला की नाही. दुसऱ्या ओळीत ‘हो’ लिहिल्याशिवाय ते कीबोर्डला हात लावत नाहीत, मग एचओडी समोर उभे असले तरी!