दुखत नव्हतं म्हणून

गाल वर्षभर फुगत होता. दुखत नव्हता, म्हणून धावड्यात कुणी मनावर घेतलं नाही. ‘अक्कलदाढ येत असेल,’ आई म्हणायची. शेवटी छत्रपती संभाजीनगरला एक्स-रे काढला. जबड्यात साबणाच्या फेसासारखे काळे बुडबुडे. तुकडा तपासला : अमेलोब्लास्टोमा. दाताचं एनॅमल घडवणाऱ्या पेशींसारख्या पेशींची गाठ.

‘कॅन्सर नाही,’ ऐकताच अण्णांनी हात जोडले. मग डॉक्टर म्हणाले, ‘नुसती खरवडली तर पुन्हा येते. भोवतालचं सेंटीमीटरभर चांगलं हाडही काढावं लागेल.’ अण्णांचे हात तसेच जोडलेले राहिले.

पायातलं बारीक हाड जबड्यात बसवलं. आता मी भाकरी खाते, हळूहळू. आणि गावात कुणाचा गाल न दुखता फुगला, की आई अक्कलदाढ म्हणत नाही. आधी एक्स-रे काढायला पाठवते.