डिकीचा दांडा

निफाडच्या पेठेत किराणा-भुसाराचे जुने दुकान असलेल्या काकांकडे २००८ साली घेतलेली एक हॅचबॅक गाडी आहे. मागचे आसन आडवे केले की तिच्यात साखरेचे दोन कट्टे, तेलाचे सात-आठ डबे आणि वर किरकोळ पुडे सहज मावतात. चांदोरी, सायखेडा, उगाव येथील छोट्या दुकानदारांचा माल बहुतेक तिच्यातूनच पोचतो. छताचा रंग उडाला आहे, दारांच्या रबरांना भेगा पडल्या आहेत. पण इंजिन पहिल्या चावीला सुरू होते. मुलांनी नव्या गाडीचा विषय काढला की काकांचे उत्तर ठरलेले असते : "चालते आहे ना? मग तिला काढायची कशाला?"

अशा या गाडीचे मागचे दार, म्हणजे डिकीचे दार, २०२०च्या डिसेंबरातील एका पहाटे वर उचलल्यावर थांबेना. निफाडची थंडी प्रसिद्धच आहे. हिवाळ्यात महाराष्ट्रातील नीचांकी तापमानाच्या बातमीत या गावाचे नाव वरचेवर असते. दार वर गेले, क्षणभर रेंगाळले आणि एखाद्या थकलेल्या माणसाने मान टाकावी तसे हळूहळू खाली आले. दुपारी उन्हात मात्र तेच दार शहाण्यासारखे वर उभे राहिले. काकांनी तर्क केला की थंडीने काहीतरी आखडले असावे. तर्क चुकला होता, पण थंडीवरचा संशय अगदीच निराधार नव्हता.

डिकीच्या दाराला दोन्ही बाजूंनी जे बारीक, काळे, दंडगोल आधार असतात, त्यांना गॅरेजच्या भाषेत शॉकर म्हणतात. वास्तविक ते धक्के शोषण्यासाठी नसतात; ती वायूची स्प्रिंग असते. बंद पोलादी नळीत नायट्रोजन वायू फार मोठ्या दाबाने भरलेला असतो आणि त्यात थोडेसे तेल असते. नळीतून बाहेर येणाऱ्या गुळगुळीत दांडीला हा वायू सतत बाहेर ढकलत राहतो. दांडीचा व्यास ८ मिलिमीटर आणि आतला दाब ८० बार असेल, तर एका आधाराचा जोर सुमारे ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलो वजन तोलण्याइतका भरतो. मोटारीच्या चाकात असते तिच्या जवळजवळ चाळीस पट दाबाची हवा आपण मागच्या दाराला लावून हिंडतो, हे बहुतेकांच्या गावीही नसते. एवढा जोर लागतो, कारण आधार बिजागरीच्या अगदी जवळ बसवलेला असतो. लांब दार आखूड अंतरावरून तोलायचे म्हणजे वजनाच्या कितीतरी पट ताकद हवी.

हा वायू दांडीभोवतीच्या रबरी सीलमधून वर्षानुवर्षे सूक्ष्म प्रमाणात निसटत राहतो. दांडीवर धूळ बसली, ओरखडा उमटला, की निसटण्याचा वेग वाढतो. शिवाय थंडीत वायूचा दाब उतरतो. तापमान दहा अंशांनी खाली गेले तर जोर साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होतो. नव्या आधाराला हा फरक जाणवतही नाही. पण जो आधीच काठावर आला आहे, त्याला पहाटेचे ५ अंश आणि दुपारचे ३० अंश यांतील आठ-नऊ टक्क्यांचा फरक पुरेसा होतो. काकांचे दार पहाटे पडत होते आणि दुपारी टिकत होते, ते यामुळे.

गॅरेजवाल्याने पाहताक्षणी सांगितले, "काका, शॉकर गेले. जोडी बदला. मजुरी धरून सव्वीसशे." काका हसले. दोन नळकांड्यांना सव्वीसशे! त्याच दिवशी घरामागच्या अडगळीतून त्यांनी मोडक्या फावड्याचा दांडा काढला, मापाने कापला, टोके घासली आणि खालच्या टोकाला चालण्याच्या काठीचे रबरी बूट बसवले. बुटाचे वीस रुपये. दांडा दाराखाली लावला की दार खांबासारखे स्थिर. काकांनी त्यावर खडूने 'डिकी' असे लिहिले आणि तो मागच्या आसनाखाली सरकवून ठेवला.

काका कंजूष नव्हेत. गावच्या विहिरीला, शाळेच्या खोलीला, अडल्यानडल्याच्या आजारपणाला त्यांचा हात सढळ असतो. पण वस्तू पूर्ण वापरून होण्याआधी टाकली, की त्यांना काहीतरी चुकल्यासारखे होते. वाकलेले खिळे ते ठोकून सरळ करतात, पोत्यांच्या सुतळ्या गुंडाळून ठेवतात. ज्या पिढीने दुकान उधारीवर उभे केले, तिच्या हाताला ही सवय असते आणि तिची चेष्टा करणाऱ्यांनी त्या सुतळ्या कितीदा वापरल्या आहेत, तेही लक्षात ठेवावे.

पुढे सल्लागारांची रीघ लागली. प्लंबरने पीव्हीसी पाइपचा तुकडा आणला. दार उघडे असताना दांडीचा जेवढा भाग बाहेर दिसतो तेवढ्याच लांबीचा तुकडा, उभा चिरलेला. तो दांडीवर चिमट्यासारखा बसवायचा, म्हणजे दांडी नळीत परत जाऊच शकत नाही. खर्च तीस रुपये. स्वस्त उपायांत हाच सर्वांत बुद्धीचा म्हटला पाहिजे, कारण तो धक्का लागून घसरत नाही आणि दांडीला ओरखडाही पाडत नाही. त्याचा दोष एकच : दार लावण्याआधी तो आठवणीने काढावा लागतो. एके दिवशी घाईत खुद्द काकाच विसरले आणि त्यांनी दार जोराने खाली ओढले. पाइप शाबूत राहिला. आधाराची पट्टी मात्र वाकली आणि दार एका बाजूने तिरके बसू लागले. ती पट्टी ठोकून सरळ करून घेतली, पण पाइप त्या दिवशी बाद झाला.

गॅरेजमधल्या पोराने दांडीवर लॉकिंग पक्कड लावून दाखवली. दार थांबले, पण पकडीच्या दातांनी चकाकत्या दांडीवर खुणा पाडल्या आणि त्या खुणांनी सीलची उरलीसुरली अब्रू घालवली. आठवड्याभरात त्या बाजूने तेल ओघळू लागले. नंतर नाशिकच्या भंगार बाजारातून चारशे रुपयांना जुनी जोडी आली. लांबी बरोबर होती, परंतु ती एखाद्या लहान गाडीची असावी. दार निम्मे उघडून थबके. या आधारांवर न्यूटनचा आकडा छापलेला असतो, तो कोणी पाहिलाच नव्हता. (आकडा जास्त असला म्हणजे माल चांगला, असेही नाही. फार जोरकस आधार लावले तर दार लावताना दमछाक होते आणि बिजागऱ्या ताणतात.) शेवटी जुन्या नळीला भोक पाडून, झडप बसवून पुन्हा वायू भरून देणारा एक कारागीर भेटला. त्याने पाचशे घेतले. दिवाळीत भरलेला वायू संक्रांतीपर्यंत पुरला. सील तेच जुने, तर नवा वायू तरी तिथे किती दिवस राहणार?

फिरून फिरून गाडी दांड्यावर आली. काकांच्या वहीत या साऱ्याची नोंद होती : बूट २०, पाइप ३०, भंगार ४००, वायू ५००. एकूण ९५०. तीन वर्षांत ९५० म्हणजे अजून सव्वीसशेच्या पुष्कळ आत, असे ते समाधानाने सांगत.

२०२४च्या जानेवारीत, पहाटे साडेसहाच्या सुमारास, दिवाणजी सायखेड्याचा माल गाडीत भरत होते. दिवाणजी दुकानात तीस वर्षे आहेत. वय साठीच्या पुढे. कट्टा आत ढकलताना त्याचा कोपरा दांड्याला लागला, रबरी बूट दवाने ओल्या झालेल्या पत्र्यावरून सरकले आणि दार खाली आले. कुलपाचे लोखंडी तोंड दिवाणजींच्या डोक्यात बसले. कट्टा सुटला नाही, हे विशेष; त्यांनी तो आधी आत ठेवला आणि मग डोक्याला हात लावला. हाताला रक्त लागले. डॉक्टरांनी तीन टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि दोन दिवस विश्रांती सांगितली.

संध्याकाळी काकू शिरा घेऊन दिवाणजींच्या घरी गेल्या. काका सोबत होते. बोलता बोलता काकूंनी सहज विचारले, "दिवाणजी, हा दांडा याआधी कधी निसटला होता का हो?"

दिवाणजींना त्या प्रश्नाचेच नवल वाटले. "निसटायचा की, काकू. थंडीत तर नेहमी. म्हणून तर आम्ही डावा खांदा दाराला लावूनच माल भरतो. आज तेवढा राहिला."

"आम्ही म्हणजे?"

"मी, तो नवा पोरगा. धाकट्या वहिनीसुद्धा तसंच करतात, भाजी काढताना."

काका काही बोलले नाहीत. तीन वर्षांत त्यांनी गाडी शेकडो वेळा चालवली होती, पण माल एकदाही भरला नव्हता. माल भरला जाई तेव्हा ते चालकाच्या आसनावर बसून पावत्या जुळवत असत. आरशात दार वर दिसे. दाराखाली खांदा आहे की नाही, हे तिथून दिसण्यासारखे नव्हते.

रात्री त्यांनी वही काढली. ९५०च्या खाली टाके, इंजेक्शन, औषधे असे लिहिले. त्याखाली दिवाणजींचा दोन दिवसांचा पगार. तो कापण्याचा प्रश्न नव्हता, पण खर्च तो खर्च. सव्वीसशेची बाजू अजूनही थोडी जडच होती. मग त्यांनी आणखी एक ओळ आखली आणि तिच्यासमोर 'खांदा' असा शब्द लिहिला. तीन वर्षे, आठवड्याचे सहा दिवस, तीन माणसे. आकडा कोणता धरावा, हे त्यांना सुचेना. ओळ तशीच कोरी राहिली.

दुसऱ्या दिवशी ते नातवाला घेऊन नाशिकला गेले. नातवाने जुन्या, मूळच्या आधारावरचा आकडा पुसून वाचून ठेवला होता आणि पूर्ण उघडलेल्या आधाराची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबीही मोजली होती. सुट्या भागांच्या दुकानात त्या मापाची आणि त्या जोराची नवी जोडी तेराशे रुपयांना मिळाली. जो आकडा तीन वर्षे त्यांना छळत होता, त्यातली निम्मी रक्कम मजुरीची आणि मध्यस्थांची होती! हे आधीच विचारले असते तर, असे नातू म्हणाला. काकांनी खिडकीबाहेर पाहिले. एकच आधार बदलून भागेल का, हा प्रश्न मात्र त्यांनी दुकानदाराला विचारलाच. दुकानदाराने सांगितले, नवा एकीकडे आणि मेलेला दुसरीकडे लावला की दार पिळवटते, जोडीच घ्यावी.

बसवणे अगदी सोपे निघाले. दोन्ही टोकांना गोल डोक्याच्या खिळ्यावर बसणारा सांधा असतो. त्यावरची तारेची क्लिप बारीक स्क्रू-ड्रायव्हरने जराशी उचलली की आधार बाहेर येतो आणि नवा दाबला की 'टक्' असा आवाज होऊन बसतो. नळी दाराकडे आणि दांडी गाडीच्या अंगाला, म्हणजे दार बंद असताना दांडी खाली राहील, असे लावायचे. त्यामुळे आतले तेल सीलपाशी उतरून ते ओले राहते. एका वेळी एकच बाजू सोडायची. आणि या सर्व वेळात दार वर धरायला काहीतरी भक्कम हवेच. ते काम अर्थात दांड्याने केले, एका बाजूने काकूंनी तो घट्ट धरला असताना. वीस मिनिटांत सगळे उरकले. काढलेल्या नळ्या दुबळ्या झाल्या तरी आत दाब उरलेला असतो. त्या कापायच्या नाहीत आणि जाळात टाकायच्या नाहीत, हे भंगारवाल्याला दोनदा बजावून मगच त्याच्या हाती दिल्या.

तिसऱ्या दिवशी दिवाणजी कामावर आले. डोक्याला पांढरी पट्टी, वर मफलर. पहाट तशीच गारठलेली होती. त्यांनी डिकीची कळ दाबली. दार हातातून सुटून आपणहून वर गेले आणि थांबले. दिवाणजींनी एकदा वर पाहिले, साखरेचा कट्टा उचलला, आणि आत ठेवताना डावा खांदा दाराला लावला.

काका त्या दिवशी पावत्या घेऊन गाडीत बसले नव्हते. मागे उभे होते.

"दिवाणजी, खांदा काढा."

"राहू द्या, काका. सवय आहे."

"काढा म्हणतो ना. मी इथंच उभा आहे."

दिवाणजींनी खांदा हळूच बाजूला घेतला. दार जागचे हलले नाही. ते थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि मग दुसरा कट्टा आणायला दुकानात गेले. काकांनी पावत्या बॉनेटवर ठेवल्या आणि तेलाचा एक डबा उचलला.