पाण्याची बाटली

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांतून कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर गेल्या वैशाखांत मला घेरी आली. धांवत जाणारा एक तरुण थांबला व कमरेच्या पट्ट्यांतील बाटली काढून त्यानें मला घोट घोट पाणी पाजलें. पाहतों तों माझाच जुना विद्यार्थी! तो अपघाताच्या भरपाईचे दावे चालवितो असें ऐकून माझ्या मनांत अढी बसली होती. दुसऱ्याच्या मोडक्या हाडांवर पोट भरणारा, असें मीं घरीं बोलूनहि दाखविलें होतें.

‘सध्यां काय चाललें आहे?’ मीं विचारलें.

‘सर, अंधेरीच्या एका बाईंचे यजमान लोकलमधून पडून वारले. खिशांत तिकीट सांपडलें नाहीं, म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. वर्षाची मुदत संपावयास सहा दिवस उरले तेव्हां आल्या.’

रेल्वे कायद्याच्या १२४-अ कलमान्वयें अशा मृत्यूंत रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाहीं. २०१७ पासून भरपाई ८ लक्ष रुपये आहे. केवळ तिकीट न सांपडल्यानें दावा बुडत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ठरविलें. प्रवासाविषयीं प्रतिज्ञापत्र दिलें कीं तें खोडण्याचा भार रेल्वेवर पडतो. बाईंना यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. मला तरी कोठें होतें?

‘हें ओझें घेऊन धांवणें जड जात नाहीं?’

‘जातें. पण सर, तहान लागल्यावर पाणी शोधूं लागलों तर उशीर होतो.’

कान्हेरीच्या शिलालेखांत पाण्याच्या टांक्याला ‘पोढी’ म्हटलें आहे, हें मींच त्याच्या वर्गाला सहलींत दाखविलें होतें.

बाटली मीं रिकामी केली होती, आणि त्याला अजून फाटकापर्यंत परत धांवावयाचें होतें. क्षमा मागावी म्हणून मीं तोंड उघडलें, तों तो उठून निघालाहि होता.