हिरवा त्रिकोण माशांसाठी नाही

मिरचीचा हंगाम लागला की आपल्या पिंपळगाव रेणुकाईत दोनच विषय चालतात, भाव आणि फवारणी. भावावर रोज सगळेच लिहितात. मी आज फवारणीवर लिहितोय, तेही माशांच्या बाजूने. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या शेततळ्यात रोहू-कटला आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

परवा कृषी सेवा केंद्रात एका काकांनी बाटली फिरवून दाखवली. "हे बघ, हिरवा त्रिकोण. तळ्यात सांडलं तरी काही होत नाही." दुकानात कुणीच काही बोललं नाही, कारण सगळ्यांना तसंच वाटतं.

हा त्रिकोण १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे ठरतो, आणि मुख्यतः ठरतो तो उंदरांवरून. उंदराच्या वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम औषध पोटात गेलं तर निम्मे उंदीर मरतात, हा तो आकडा. ५० पर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्याच्या वर हिरवा. कातडीवाटे किती भिनतं तेही बघतात. म्हणजे हा इशारा पाठीवर पंप घेणाऱ्या माणसासाठी आहे. त्यात मासा कुठेच नाही.

माशाचा हिशोबच वेगळा. तो औषध पीत नाही, औषधात राहतो. रात्रंदिवस तेच पाणी कल्ल्यांतून जातं. म्हणून प्रयोगशाळेत चढत्या प्रमाणात रसायन घातलेल्या टाक्यांत मासे ९६ तास ठेवतात आणि रोज मेलेले मोजतात. ज्या प्रमाणाला निम्मे मरतात त्याला एलसी-५० म्हणतात. आकडा जितका लहान, तितकं विष जहाल. दुसरी चाचणी डॅफ्नियाची, म्हणजे पाण्यात टुणटुण उड्या मारणारा डोळ्याला जेमतेम दिसणारा जीव. त्याला ४८ तास ठेवतात. तो मेला की जिवंत हे ओळखणं अवघड, म्हणून भांडं हलकेच हलवतात आणि १५ सेकंदांत पोहतो का एवढंच बघतात. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं तेव्हा हे कंटाळत पाठ केलं होतं. आता शेतात कामाला येतंय.

आता हिरव्या त्रिकोणाचंच औषध घ्या, अळीसाठी मारतो ते क्लोरअँट्रानिलिप्रोल. लिटरमागे १० मिलिग्रॅम असलं तरी चाचणीतले मासे तगतात. काकांचं म्हणणं इथपर्यंत खरं. पण डॅफ्निया ०.०१२ मिलिग्रॅमच्या आसपासच लुळा पडतो. जवळजवळ हजारपट फरक! आणि कटल्याचं पोट भरतं ते अशाच बारीक जिवांवर. मासे तरंगलेले दिसणार नाहीत, पण त्यांचं ताट रिकामं होईल.

दुसरं टोक म्हणजे लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन. ५ टक्क्यांच्या औषधात १ मिलीत ५० मिलिग्रॅम विष असतं. काही माशांसाठी त्याचा एलसी-५० लिटरमागे पाव मायक्रोग्रॅमच्या जवळपास येतो. एक मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. आपलं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं काठोकाठ भरलं तर साधारण २० लाख लिटर. करा हिशोब. १० मिली औषध बास! प्रत्यक्षात बरंचसं गाळाला आणि शेवाळाला चिकटतं, तेवढा धोका कमी होतो, हे मान्य. पण उन्हाळ्यात तळ्यात पाणी किती उरतं तेही आठवा.

आणि स्टिकर? त्याला तर आपण औषधच मानत नाही, साबण समजतो. अशा मिश्रणांत नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट नावाचं कारखान्यातलं रसायन जगभर वापरलं गेलं. पाण्यात ते तुटलं की त्यातून निघणारं नोनिलफेनॉल माशांना मूळ रसायनापेक्षा जास्त घातक असतं. युरोपने २००३ मध्येच कायदा करून त्याच्या बहुतेक वापरांवर बंधनं घातली. आपण मात्र एकाच पंपात दोन-तीन औषधं, वरून टॉनिक आणि स्टिकर घालतो. प्रत्येकाची चाचणी वेगळी झालेली असते, या खिचडीची कुणी केलेली नसते.

२०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर माणसं गेली. तेव्हापासून निदान मास्क-हातमोज्यांची चर्चा होते. पाण्याची चर्चा अजून सुरूच व्हायची आहे. कारखान्याच्या सांडपाण्याला पर्यावरण नियमांत अट आहे, की त्या पाण्यात काही न मिसळता मासे ९६ तास ठेवायचे आणि त्यातले ९० टक्के जगले पाहिजेत. (अट पाळतात का, हा वेगळ्या पोस्टचा विषय.) आपण नाल्यावर पंप धुतो, त्या पाण्याला कुठली अट? ते पाणी शेवटी पूर्णेच्याच खोऱ्यात जातं.

'माशांना विषारी' हे पुष्कळदा आतल्या घडीपत्रकात लिहिलेलं असतं, पण मुंगीएवढ्या अक्षरात. ते बाटलीवर, मराठीत, त्रिकोणाशेजारी यायला हवं. कृषी विभागाकडे तशी लेखी मागणी करायची आहे, मसुदा मी लिहितो. तोवर पंप नाल्यावर किंवा विहिरीजवळ धुऊ नका, ते पाणी रानातच पडीक जागेवर ओता. ग्रामसभेत पंप धुण्याची एक जागा ठरवून घेण्याचा विषयही मांडणार आहे. सोबत कोण कोण येतंय ते खाली लिहा. आणि कुणाच्या तळ्यात फवारणीनंतर मासे तरंगले असतील तर औषधाचं नाव आणि किती दिवसांनी तरंगले तेही सांगा.