स्थानी आणि आदेश

मास्तरकीच्या धंद्यांतून निवृत्त झालेल्या मनुष्यास दोन खोडी जडतात, असा आमचा अनुभव आहे. एक, वर्तमानपत्रांतील शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या शाईनें दुरुस्त करीत बसणें. आणि दुसरी, ज्या विषयांतलें आपणांस अक्षरहि कळत नाहीं, त्यांत अधिकारवाणीनें हात घालणें. पहिल्या खोडीनें कोणास इजा होत नाहीं. दुसरीनें मात्र आमच्या घरांतील एक चांगलें यंत्र निकामी केलें. त्याची कबुली देण्यास आम्हांस बरींच वर्षें लागलीं. ती येथें देत आहों.

आमचें घर दापोली तालुक्यांतील एका लहानशा गांवीं आहे. घरामागें नारळी-पोफळीचें आगर, आणि आगराच्या कडेनें २० गुंठे मोकळी जमीन. पावसाळ्यांत तेथें भात, आणि भात निघाल्यावर वाल, कुळीथ, मुळा, माठ असें घरापुरतें पीक. आमचे वडील बंधु दादा मुंबईस एका कारखान्यांत नोकरीला होते. १९९४ सालीं ते निवृत्त होऊन गांवीं परतले, तेव्हां आमच्या दावणीचे बैल केव्हांच विकले गेले होते आणि नांगरटीसाठीं शेजाऱ्यांच्या दारीं जावें लागत असे. ज्यांनीं शेती पाहिली आहे त्यांस वाफशाचें महत्त्व सांगणें नको. भात कापल्यावर जमिनींत जी बेताची ओल राहते, ती थोड्या दिवसांची पाहुणी. तेवढ्यांत नांगर फिरला तर वालाचा दाणा रुजतो. शेजाऱ्याचे बैल आज येतात, उद्यां येतात म्हणेपर्यंत आमची तांबडी जमीन विटेसारखी होऊन बसते. दादांनीं एक वर्ष वाट पाहिली आणि दुसऱ्या वर्षीं मुंबईहून एक वापरलेला, जपानी बनावटीचा टिलर आणला. 'टिलर' हा शब्द आमच्या कानास बरा वाटेना, म्हणून आम्हीं त्यास 'भूकर्षक' असें नांव ठेविलें. घरांतील एकाहि माणसानें तें कधीं उच्चारलें नाहीं.

हें यंत्र ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. पुढें इंजिन, मध्यें दोन चाकें, मागें आडव्या दांड्यावर बसविलेलीं वांकडीं पातीं, आणि माणसाच्या हातीं दोन मुठी. इंजिनाची शक्ति पट्ट्यानें दातेरी चाकांच्या पेटीस मिळते आणि तिच्याकडून पातीं गरगर फिरतात. नांगराप्रमाणें तीं ढेकूळ उलथून टाकीत नाहींत. जागच्या जागीं माती कुटून भुसभुशीत करितात. या युक्तीच्या जनकांत ऑस्ट्रेलियांतील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांचें नांव घेतात. १९१२ सालीं न्यू साऊथ वेल्समधील गिलगांड्रा येथें, बापाच्या शेतावर, विशीहि न गांठलेल्या या मुलानें आपले पहिले प्रयोग केले. प्रथम माती बाजूस उडूं लागली, तेव्हां त्यानें इंग्रजी 'एल्' अक्षरासारखीं वांकडीं पातीं केलीं. तोच आकार आमच्या टिलरच्या पात्यांचाहि आहे. पुढें या जातीच्या यंत्रास 'रोटाव्हेटर' हें नांव पडलें. रोमन लिपींत हा शब्द उलट वाचला तरी तोच राहतो, हें ध्यानांत आल्यावर मात्र आमचा त्या यंत्राविषयींचा आदर वाढला. भारवि आणि माघ यांनीं ज्या करामतीसाठीं श्लोक खर्चीं घातले, ती एका अवजारास सहज साधली होती!

दादा तें यंत्र देवपूजेच्या नेमानें चालवीत. आधीं तें सपाट जागीं उभें करावयाचें. मग तेलाचें झांकण उघडावयाचें, कांडी फडक्यानें पुसून पुन्हां बुडवावयाची आणि वर काढून वहिनींस दाखवावयाची. वहिनींनीं "आहे" म्हटलें म्हणजे मग दोरी ओढावयाची. आम्ही ओसरीवरून हा सोहळा पाहत असूं आणि मनांत हंसत असूं.

२०१९ च्या श्रावणांत दादा गेले. घराचा कारभार आमच्याकडे आला. पुतण्या पुण्यास नोकरीला. वहिनी मूळच्याच अबोल, त्या अधिकच अबोल झालेल्या. घर पूर्वीसारखें चालावयाचें तर आपण दादांसारखें झालें पाहिजे, असा आम्हीं समज करून घेतला. दादांचा आवाज मोठा होता. आम्हींहि आवाज चढविला. दादा गड्यांस एकाच शब्दांत काम सांगत. आम्हीहि तसेंच सांगूं लागलों. त्याच कार्तिकांत वाफसा आला, तेव्हां दादांची जुनी टोपी डोक्यावर चढवून आम्हीं टिलर बाहेर काढला. वहिनी मागल्या दारांत येऊन कांहींसें बोलूं लागल्या. "मला सर्व ठाऊक आहे!" असें दादांच्या आवाजांत म्हणून आम्हीं दोरी ओढली.

पाऊण तास यंत्र चाललें. मग किंकाळी फुटावी तसा आवाज झाला आणि तें थांबलें तें कायमचेंच. आंत तेल नव्हतें. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्यें तेलाचा जो पातळ थर असतो तो नाहींसा झाला म्हणजे धातूवर धातु घांसतो, तापतो, फुगतो आणि शेवटीं चिकटून बसतो. हें आम्हीं मागाहून वाचलें. त्या दिवशीं घरांत सांगितलें तें एवढेंच: "जुनें झालें होतें, गेलें." यंत्र गोठ्यांत गेलें, त्यावर गोणपाट पडलें. जमीन भातानंतर पडीक राहूं लागली आणि वालाच्या शेंगा बाजारांतून येऊं लागल्या. वहिनींनीं एका शब्दानें कांहीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तर बरें झालें असतें, असें आम्हांस पुष्कळदां वाटलें.

गेल्या दिवाळींत पुतण्या घरीं आला असतां फराळाच्या वेळीं म्हणाला, "काका, भंगारवाला टिलरचे दोन हजार देतो म्हणतोय. आणि ते वीस गुंठेहि कोणाला तरी देऊन टाकूं. पडीक ठेवून काय उपयोग?" त्याचें म्हणणें हिशेबास धरून होतें. पण पोहे वाढतां वाढतां वहिनींचा हात थांबला, तो आम्हीं पाहिला. "देऊं नकोस. त्यास नवें इंजिन बसवूं," असें आमच्या तोंडून निघून गेलें.

दापोलीस ज्या मिस्त्रीकडे आम्ही गेलों, तो आमचाच एकेकाळचा विद्यार्थी निघाला. संस्कृतांत आपणांस शंभरांत नऊ गुण मिळाल्याचें त्यानेंच आनंदानें सांगितलें. जुन्या इंजिनाचे सुटे भाग मिळणें शक्य नव्हतें. तो नमुना केव्हांच बंद झाला होता. त्यानें हल्लीं लहान अवजारांवर सर्रास दिसणारें १६३ घनसेंटिमीटरचें पेट्रोल इंजिन आणविलें. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धांव ४५ मिलिमीटर; आम्हीं कागदावर गुणाकार करून पाहिला, उत्तर बरोबर आलें. परंतु इंजिन टिलरवर ठेवून पाहतों तों कांहींच जुळेना. बुडाचीं भोंकें निराळीं. जुना शाफ्ट २५ मिलिमीटर जाडीचा, नवा २०. जुन्याचें वजन २७ किलो, नव्याचें १५. शिवाय जुन्याच्या पोटांत वेग निम्मा करणारी सांखळी होती, त्यामुळें त्याचा शाफ्ट मिनिटास १,८०० फेरे घेई. नव्याचा थेट ३,६०० घेणार. "अरे, हें याच्या जागचें नव्हे," आम्ही म्हणालों. मिस्त्री हंसला. "सर, जुन्याचं काम हें चोख करील. पण जुन्याच्या भोंकांत बसायचं नाहीं. भोंकं नवीं पाडायचीं."

हें ऐकून आम्ही क्षणभर स्तब्ध झालों. नऊ गुणांच्या विद्यार्थ्यानें आम्हांस पाणिनि शिकविला होता. व्याकरणांत एकाच्या जागीं दुसरें येतें, त्यास आदेश म्हणतात. ज्याच्या जागीं येतें तो स्थानी. 'अस्' या धातूस भविष्यकाळीं 'भू' हा आदेश होतो, म्हणून 'अस्ति' परंतु 'भविष्यति'. अष्टाध्यायींतील नियम असा कीं, आदेशानें स्थानीच्या जागीं स्थानीप्रमाणेंच वागावें. त्याचे अधिकार व त्याचीं कर्तव्यें त्याच्याकडे येतात. मात्र जें कार्य स्थानीच्या वर्णांवर, म्हणजे त्याच्या प्रत्यक्ष देहावर अवलंबून असतें, तें आदेशास लागूं नाहीं. 'भू'नें धातूचें काम करावें. त्यानें 'अस्'सारखें दिसण्याचा हट्ट धरूं नये. हा नियम आम्हीं कित्येक वर्षें फळ्यावर समजावून दिला. घरीं तो कधीं लावून पाहिला नाहीं.

पुढचें काम सुरळीत झालें. बुडाखालीं नवी पट्टी घालून तींत नवीं भोंकें पाडलीं. दादांच्या इंजिनावरची सहा इंची पुली तरी ठेवावी, असा आमचा आग्रह होता. परंतु वेग दुप्पट झाला असतां तीच पुली ठेवली तर पातीं दुप्पट वेगानें फिरून मातीचें पीठ करतील आणि यंत्र हातांत राहणार नाहीं, हें व्यस्त त्रैराशिक आम्हांसहि कळलें. तीन इंची पुली आली आणि पट्टा आंखूड झाला.

टिलर टेम्पोनें घरीं आला त्या सायंकाळीं जमिनीस नेमका वाफसा होता. चालवून देण्यासाठीं मिस्त्री दुसऱ्या दिवशीं येणार होता. आम्हांस धीर निघेना. पुतण्या शेजारीं उभा होता. आम्हीं दोरीस हात घातला, तोंच मागल्या दारांत वहिनी आल्या आणि बोलूं लागल्या. या वेळीं आम्हीं हात मागें घेतला.

"भाऊजी, तेल पाहिलंत?"

नव्हतें पाहिलें. नवीं इंजिनें कारखान्यांतून कोरडींच येतात. तशी सूचना खोक्यावर छापलेली होती आणि ती आम्हीं, एका भाषाशिक्षकानें, वाचली नव्हती. कांडी ओढून पाहिली तों ठणठणीत कोरडी. डब्यांतील ६०० मिलिलिटर तेल घातलें, कांडी पुसून पुन्हां बुडविली आणि वहिनींच्या पुढें धरली. त्यांनीं वांकून पाहिलें आणि "आहे" म्हणाल्या.

"वहिनी, मागच्या वेळीं..." आम्हीं सुरुवात केली.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "तेव्हांहि हेंच विचारायला आलें होतें. तुम्ही त्यांच्यासारखे ओरडलांत. पण ते ओरडायचे, तें माझं ऐकून घेतल्यावर."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. इतकीं वर्षें आम्हीं जें जपून लपविलें तें त्यांनीं पहिल्या दिवसापासून जाणलें होतें, आणि आमची लाज राखण्यासाठीं त्या बाजारच्या शेंगा सोलीत बसल्या होत्या. दादांची टोपी आणि दादांचा आवाज हीं त्यांचीं भोंकें आणि त्यांचा शाफ्ट होता. तीं आमच्या अंगीं बसणारीं नव्हतींच. घरांतील माणसाचें ऐकून घेणें हें त्यांचें काम होतें, आणि तेवढेंच आमच्याकडे आलें होतें. तेवढेंच आम्हीं केलें नव्हतें. पुतण्यासमोरच आम्हीं वहिनींची क्षमा मागितली. त्या नुसत्या "दिवस मावळेल" म्हणाल्या.

दोरी दुसऱ्या ओढीस लागली. मात्र पातीं जमिनींत शिरतांच टिलरचें तोंड वर उचललें जाऊं लागलें. नव्या इंजिनाचें वजन बारा किलोंनीं कमी, त्याचा हा परिणाम. सकाळीं मिस्त्री आला. त्यानें गोठ्यांतील जुन्या इंजिनाचें जड ओतीव चक्र काढलें आणि टिलरच्या अगदीं टोंकाशीं बोल्टांनीं आंवळलें. चक्र सहा किलोंचें, पण जितकें पुढें बसवावें तितका त्याचा भार अधिक पडतो. टिलर जमीन धरून चालूं लागला. दीड दिवसांत २० गुंठे झाले, आणि त्यांतला बराचसा भाग पुतण्यानें केला. आठवड्याभरांत वालाचे कोंब वर आले. जमीन देऊन टाकण्याचा विषय त्यानें पुन्हां काढला नाहीं. पुढल्या वर्षीं काढील, तर त्याचेंहि ऐकून घ्यावयाचें असें आम्हीं ठरविलें आहे.

पाणिनीचा आणखी एक नियम आहे. प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याच्यामुळें होणारें कार्य होतच राहतें. 'राजा' या रूपांत प्रथमेचा प्रत्यय डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु 'राजन्'चा 'राजा' झाला तो त्याच्यामुळेंच. टिलरच्या टोंकाशीं दादांच्या इंजिनाचें चक्र आहे. तें आतां फिरत नाहीं. नव्या इंजिनास जमिनीवर धरून ठेवण्याचें काम मात्र करितें. या कार्तिकांतहि दोरी ओढण्यापूर्वीं आम्हीं कांडी पुसली, बुडविली आणि मागल्या दाराकडे पाहिलें. वहिनी आधींच येऊन उभ्या होत्या.