अभावाचे तीन प्रकार

१९९५ साली ब्रेंडन आइक यांनी रचलेल्या जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत मला पाठचिकित्सेतला एक जुनाच प्रश्न भेटला. तेथील ‘अ‍ॅरे’ म्हणजे क्रमांकित घरांची ओळ. तीन घरांपैकी मधले घर तीन तऱ्हांनी रिते असू शकते: ते निर्माणच झालेले नसते, ते असते, पण त्यात ‘अनडिफाइन्ड’ असते, किंवा कोणी हेतुतः तेथे ‘नल’ ठेवलेले असते. ओळीची लांबी तिन्ही वेळा ३ च. २००९ च्या प्रमाणित आवृत्तीतील ‘फॉरईच’ पहिल्या प्रकारचे घर ओलांडून जाते. २०१५ च्या आवृत्तीतील ‘फाइंड’ मात्र त्या पोकळीलाही ‘अनडिफाइन्ड’ समजते. आणि ‘जॉइन’ने ओळ जोडली, की तिन्ही अभाव दोन स्वल्पविरामांमधली एकच निःशब्द जागा होऊन बसतात.

पोथी छापताना आपणही हेच करतो. कवीने कधी न लिहिलेली ओळ, कसरीने खाल्लेली ओळ आणि कवीने स्वतः खोडलेली ओळ, तिन्हींच्या जागी तीच टिंबे येतात; आणि समीक्षा त्या टिंबांत ‘कवीचे मौन’ वाचते. मौनाची मीमांसा करण्यापूर्वी ते मौन कोणाचे, हे ठरविणे म्हणूनच मला अगत्याचे वाटते.